विहिरीवरची बाई : अहमदनगरच्या मंडळीतील स्त्रियांचे बायबल-वाचन आणि मराठी समीक्षेचे दुर्लक्ष

प्रस्तावना

मराठी समीक्षेत वाचक या संकल्पनेची चर्चा गेल्या काही दशकांत पुष्कळ झाली आहे. मात्र हा वाचक बहुधा एकटा असतो. तो ग्रंथालयातून पुस्तक आणतो, एकांतात वाचतो आणि आपला अर्थ लावतो, असे समीक्षा गृहीत धरते. एकत्र बसून एकाच ग्रंथाचा एकच अध्याय आळीपाळीने मोठ्याने वाचणारा समूह समीक्षेच्या दृष्टीस सहसा पडत नाही. पडलाच तर त्याची रवानगी लोकसाहित्याच्या किंवा समाजशास्त्राच्या विभागात होते. पारायण, कीर्तन, पोथीवाचन यांची दखल आपण 'परंपरा' म्हणून घेतो, 'अर्थनिर्णयन' म्हणून घेत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका समूहाचा विचार केला आहे. अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये स्त्रियांच्या बायबल-अभ्यासाच्या सभा भरतात. या सभांत जे वाचन होते ते भक्तीचे असतेच, पण ते समीक्षेचेही असते, आणि 'स्मृतिचित्रे'सारखी मराठीतील अग्रगण्य साहित्यकृती या वाचनाकडे पाठ फिरवून पुरती समजत नाही, असे येथे मांडावयाचे आहे.

एक कबुली आरंभीच दिलेली बरी. प्रस्तुत लेखिकेच्या एम.फिल.च्या लघुप्रबंधाचा विषय 'स्मृतिचित्रे' हाच होता. त्यात विनोदावर एक स्वतंत्र प्रकरण होते, भाषाशैलीवर दुसरे होते. लक्ष्मीबाईंनी केलेल्या धर्मविचाराला मात्र 'धर्मांतराची पार्श्वभूमी' या उपशीर्षकाखाली अडीच पाने मिळाली होती. मौखिक परीक्षेत त्याबद्दल कोणी प्रश्नही विचारला नाही. आज ती अडीच पाने खटकतात.

ग्रंथ कोणाचा?

अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगर येथे 1831 मध्ये सुरू झाले. 1827 साली मुंबईस आलेल्या सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन शिक्षिका 1839 पासून नगरला राहिल्या आणि 1862 मध्ये येथेच निवर्तल्या. त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांना प्रेरणा मिळाली आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण फरारबाईंच्या संस्थेत घेतले, हा तपशील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात आता सर्वमान्य आहे. तो सांगताना एक गोष्ट सहसा सुटते. या शाळांत मुलींना अक्षरओळख करून दिली जात होती ती प्रामुख्याने शास्त्र वाचता यावे म्हणून. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हेतू काहीही असो, धर्मग्रंथ आणि स्त्री यांच्यामध्ये उभा असलेला शास्त्री त्यामुळे बाजूला झाला, आणि या परिणामाची नोंद स्वतंत्रपणे व्हावयास हवी.

ग्रंथाचा हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा होता, हे 1855 मध्ये मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने स्पष्ट केले. फुल्यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक 1842 साली अहमदनगर येथेच सुरू झाले होते. मुक्ताच्या युक्तिवादाचा आशय असा की, वेद केवळ ब्राह्मणांचे आणि आम्हाला ते पाहण्याचाही अधिकार नाही, तर मग आम्ही धर्मपुस्तक नसलेले, म्हणजेच धर्मरहित ठरतो. या निबंधाचा गौरव सामाजिक दस्तऐवज म्हणून झाला, आणि तो योग्यच आहे. पण ज्याला ग्रंथ वाचण्याचा अधिकार नाही त्याला त्या ग्रंथाने घालून दिलेले बंधन तरी का असावे, हा तिच्या मांडणीतून उभा राहणारा प्रश्न वाचनाच्या अधिकाराचा आहे. म्हणजे तो साहित्यशास्त्राच्याही कक्षेतील आहे.

जगात इतरत्रही एकोणिसाव्या शतकात स्त्रिया या प्रश्नाशी झुंजत होत्या. अमेरिकेत ज्युलिया स्मिथ यांचे संपूर्ण बायबलाचे इंग्रजी भाषांतर 1876 मध्ये प्रसिद्ध झाले. एलिझाबेथ केडी स्टँटन आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी 'द वुमन्स बायबल' हा टीकाग्रंथ 1895 व 1898 अशा दोन भागांत काढला. त्यात स्त्रियांविषयीचे उतारे निवडून त्यांवर परखड भाष्य केले होते. 1895 हे नारायण वामन टिळकांच्या बाप्तिस्म्याचेही वर्ष होय. हा निव्वळ योगायोग आहे, पण तुलनेसाठी उपयोगी आहे. स्टँटन ग्रंथाच्या बाहेर उभ्या राहून त्याची झडती घेतात. नगरच्या मंडळीतील स्त्री ग्रंथाच्या आत बसून, त्याला आपले म्हणून, त्याच्याशी हुज्जत घालते. दोन्ही भूमिकांत टीका आहे. मराठी समीक्षेला पहिली चटकन ओळखता येते, दुसरी येत नाही.

योहान, अध्याय चौथा

नगर शहरातील एका मंडळीच्या महिला मंडळाच्या बायबल-अभ्यासास काही महिने बसण्याची संधी प्रस्तुत लेखिकेस मिळाली. मंडळीचे व सहभागी स्त्रियांचे नाव येथे दिलेले नाही. सभा दुपारी, घरातली कामे उरकल्यावर भरते. सतरंजी अंथरलेली असते, गुडघे दुखणाऱ्यांसाठी भिंतीलगत खुर्च्या. पिशवीतून बायबल निघते ते कापडी अभ्र्यातच. आरंभी एक भजन होते, बहुधा टिळकांचे किंवा कृष्णराव सांगळे यांचे. मग एकेकीने एकेक वचन वाचावयाचे. ज्यांना वाचता येत नाही किंवा चष्मा विसरला आहे, त्यांचे वचन शेजारची वाचते. शेजारचीने वाचलेले वचन वाटणीचे म्हणून त्या बाईच्याच नावावर धरले जाते, हे पाहून प्रथम गंमत वाटली होती. नंतर त्यातला न्याय लक्षात आला.

त्या दिवशी योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय होता. प्रवासाने थकलेला येशू शोमरोनातील याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. वेळ भर दुपारची. एक शोमरोनी स्त्री पाणी भरण्यास येते. तो तिच्याकडे पाणी मागतो आणि दोघांचे दीर्घ संभाषण होते. चारही शुभवर्तमानांत येशूचे एका व्यक्तीशी झालेले हे सर्वांत प्रदीर्घ संभाषण मानले जाते. व्यासपीठावरून या अध्यायाचे निरूपण वर्षानुवर्षे एका ठराविक पद्धतीने होत आले आहे : स्त्री पापी होती, तिचे पाच नवरे झाले होते, लाजेने ती इतर बायका नसतील अशा वेळी, भर उन्हात विहिरीवर आली आणि प्रभूने तिला क्षमा केली.

सभेतील चर्चा सुरू झाली तीही याच वळणाने. पाळकबाईंनी लाजेचा मुद्दा सांगितला. तेव्हा मागे बसलेल्या एका वयस्क मावशींनी विचारले, "बाई, लाजेनं आली असं कुठं लिहिलंय?" सर्वांनी पुन्हा वचने चाळली. तसे कोठेही लिहिलेले नव्हते. मावशी पुढे म्हणाल्या की, त्यांच्या आईच्या गावात महारवाड्यातल्या बायका दुपारीच विहिरीवर जात, कारण सकाळी गावचे पाणी भरून होईपर्यंत त्यांना काठावर थांबावे लागे. आणि पोहरा स्वतः टाकता येत नसे, कोणी तरी वरून ओतून देईपर्यंत घागर खाली धरून बसावे लागे. "ती बी तशीच आली आसंल," एवढेच बोलून त्या थांबल्या.

या एका वाक्याने अध्यायाचा गुरुत्वमध्य हलला. 'पापी स्त्रीची क्षमा' मागे पडली आणि 'पाणी कोणाच्या हातचे' हा प्रश्न पुढे आला. संहितेकडे पाहता हा प्रश्न तेथे स्पष्टपणे आहे. येशूने पाणी मागताच स्त्रीचा पहिला उद्गार स्वतःच्या चारित्र्याविषयी नाही. आपण यहूदी असून शोमरोनी स्त्रीकडे पाणी कसे मागता, हा तिचा प्रश्न आहे. आणि लगेच निवेदक खुलासा करतो की यहूद्यांचा शोमरोन्यांशी व्यवहार नसे. या ठिकाणी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे त्याचा एक अर्थ 'सोबत वापरणे' असा होतो. डेव्हिड डॉब या अभ्यासकाने 1950 मध्ये असे मांडले की, येथे अभिप्रेत आहे ते सर्वसाधारण संबंध नसणे नव्हे, तर एका भांड्यातून न पिणे. काही इंग्रजी भाषांतरांच्या तळटीपेत हा अर्थ आता दिला जातो. सतरंजीवर बसलेल्या कोणासही ग्रीक येत नव्हते. तरीही भांड्यापर्यंत ती सभा पोहोचली, कारण भांडे म्हणजे काय हे तिच्या स्मरणात होते. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले ते ज्या समाजाच्या आठवणीत आहे, त्या समाजातील वाचकाला या अध्यायातील ओंजळभर पाण्याचे वजन सांगावे लागत नाही.

पुढे चर्चा पाच नवऱ्यांवर आली. एका शिक्षिका असलेल्या काकूंनी आठवण करून दिली की, मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे नवरा निपुत्रिक मेला तर दिराशी लग्न लावले जाई. मग पाच नवरे मेले असतील किंवा त्यांनी सोडले असेल, यात तिचे पाप कोणते? सोडचिठ्ठी त्या काळी पुरुषाच्याच हातात होती. यावर दोघी-तिघींनी हरकत घेतली. सध्याचा पुरुष तिचा नवरा नव्हता, असे तर प्रभूच म्हणतो. वाद मिटला नाही. मिटविण्याची घाईही कोणी केली नाही, आणि हे विशेष. व्यासपीठावरच्या निरूपणात निष्कर्ष आधी ठरलेला असतो. येथे एका वचनावर दोन मते घेऊन बायका घरी गेल्या.

या प्रकारच्या वाचनास समीक्षा म्हणावे काय? शास्त्रीय समीक्षेकडून आपण तीन गोष्टींची अपेक्षा करतो. रूढ अर्थ संहितेवर पडताळून पाहणे, संहितेतील रिक्त जागा ओळखणे आणि अर्थनिर्णयनात वाचकाच्या स्थानाची जाणीव ठेवणे. "कुठं लिहिलंय?" या प्रश्नात पहिल्या दोन आहेत, आणि आईच्या गावच्या विहिरीत तिसरी आहे. परिभाषा नाही, एवढेच.

'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना

या पार्श्वभूमीवर लक्ष्मीबाई टिळकांकडे (1868-1936) वळता येते. 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून त्याची थोरवी निर्विवाद आहे. निर्व्याज विनोद, बोलीचा गोडवा, पतीच्या विक्षिप्त थोरपणाचे प्रेमळ चित्रण ही विशेषणे आता पाठ्यपुस्तकी झाली आहेत. ती खोटी नाहीत, पण त्यांनी एक चित्र पक्के केले आहे : टिळक विचार करणारे आणि लक्ष्मीबाई सोसणाऱ्या, मग हसणाऱ्या. टिळकांनी ग्रंथ वाचून धर्म बदलला आणि लक्ष्मीबाई यथावकाश पतीमागून गेल्या, असा सोयीचा सारांश त्यातून तयार होतो.

ग्रंथातील क्रम पाहिला तर हा सारांश टिकत नाही. टिळकांनी फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये राहुरीस घेतला. मधली पाच वर्षे केवळ विरहाची नाहीत. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्यात वाढलेली ही स्त्री नगरला पतीजवळ आल्यावरही आपले स्वयंपाक-पाणी वेगळे ठेवते. हे वेगळेपण ती टिळकांच्या वक्तृत्वाने सोडत नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न ती स्वतःशी घालते, माणसानेच केला या उत्तरापर्यंत स्वतःच पोहोचते आणि मग कोणाच्याही हातचे पाणी घेण्यास सिद्ध होते. बाप्तिस्मा त्यानंतरचा. म्हणजे धर्ममताचा स्वीकार होण्यापूर्वी पाण्याचा प्रश्न सुटलेला आहे. विहिरीवरच्या संभाषणाचाही क्रम हाच आहे. आधी पाणी कोणाच्या हातचे हा प्रश्न, आणि मग उपासना या डोंगरावर की यरुशलेमेत हा प्रश्न, जो विचारते ती बाईच. धर्मशास्त्रातील हा इतका मूलभूत प्रश्न त्या अध्यायात शिष्यांपैकी कोणी विचारीत नाही. ते गावात अन्न विकत आणावयास गेले आहेत.

लक्ष्मीबाईंनी हा अध्याय डोळ्यांसमोर ठेवून आपले आयुष्य सांगितले, असा दावा येथे नाही. मुद्दा असा की, ज्या मंडळीत त्या राहिल्या तेथे शास्त्र घरगुती भाषेत, भांड्याकुंड्यांच्या संदर्भात वाचण्याची रीत स्त्रियांमध्ये रुजत होती, आणि 'स्मृतिचित्रे'ची भाषा त्या रीतीला परकी नाही. आपण ज्याला विनोद म्हणतो तो पुष्कळदा मोठ्या तत्त्वाला घरातल्या वस्तूपाशी आणून तपासण्याची पद्धत असते. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या 1919 मधील निधनानंतर लक्ष्मीबाईंनी ओवीबद्ध करीत पुढे नेले आणि त्यातील बहुतांश रचना त्यांचीच आहे. औपचारिक शालेय शिक्षण नसलेली स्त्री शुभवर्तमानाचे महाकाव्य लिहिते, तेव्हा तिला 'पतीचे अपुरे कार्य पुरे करणारी' म्हणणे हा शिष्टाचार झाला. येशूचे चरित्र निवडून, क्रम लावून, ओवीत बसविणारी व्यक्ती भाष्यकार असते.

पंडिता रमाबाईंविषयी येथे थोडक्यातच लिहितो, कारण त्यांचे कार्यक्षेत्र नगर जिल्ह्याबाहेरचे. (त्यांचे मुक्ती मिशन ज्या केडगावात आहे ते दौंड तालुक्यातील, नगरचे केडगाव वेगळे. आमच्या विद्यार्थ्यांची येथे दरवर्षी गल्लत होते.) हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. एप्रिल 1922 मध्ये त्यांचे निधन झाले आणि भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित स्त्रीला समजावे हा त्यांचा निकष होता आणि छपाईचे कामही मुक्तीतील स्त्रियांनीच केले. तरीही हे भाषांतर मंडळ्यांत सार्वत्रिक झाले नाही. मूळ शब्दाशी इमान राखण्याच्या आग्रहामुळे ते अनेक ठिकाणी अवघडले आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. विद्वत्तेने केलेली सोपी भाषा आणि सतरंजीवर होणारी सोपी भाषा यांत अंतर राहते. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ने हे अंतर पुष्कळ कमी केले. 2020 च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले तेव्हा मराठी ख्रिस्ती साहित्याची चर्चा थोडी झाली. पण ती लेखकांची झाली, वाचकांची नाही.

काही अडचणी

वरील विवेचनावरून ही सभा म्हणजे मुक्तीचे व्यासपीठ असा समज होऊ नये. ज्या मावशींनी विहिरीची गोष्ट सांगितली त्याच मावशी इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायावर, पत्नीने पतीच्या अधीन असावे या बोधावर, एक शब्द बोलल्या नाहीत. मार्था आणि मरीया यांच्या कथेवर चर्चा झाली तेव्हा मार्थाची बाजू सर्वांनी जोराने घेतली आणि शेवटी मरीयेचेच बरोबर म्हणून प्रार्थना केली. समूहवाचन धीर देते तसे ते तोंडही बंद करते.

याहून गंभीर अडचण जातीची आहे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजात पूर्वाश्रमीच्या महार व मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी आहे. ब्राह्मण कुटुंबांतून आलेले मोजकेच. असे असताना मराठी ख्रिस्ती स्त्रीचा आवाज म्हणून आपण अभ्यासक्रमात नेमतो तो जन्माने ब्राह्मण असलेल्या लक्ष्मीबाईंचा. हा त्यांचा दोष नव्हे. पण गावोगाव पायी फिरून शास्त्र वाचून दाखविणाऱ्या बायबल-स्त्रिया त्याच काळात त्याच जिल्ह्यात होत्या आणि त्यांच्यापैकी कोणाचे 'स्मृतिचित्रे' आपल्या हाती नाही. लक्ष्मीबाईंसाठी पाणी हा सोडण्याचा प्रश्न होता, त्या स्त्रियांसाठी मिळण्याचा. विहिरीवरची कथा दोघींनी एकाच प्रकारे वाचली असेल, असे मानता येत नाही. मुक्ता साळवेचा निबंध आणि 'स्मृतिचित्रे' एकाच वर्गात शेजारी ठेवून शिकविले तर हा भेद विद्यार्थ्यास दिसेल. आज ती दोन पुस्तके दोन वेगळ्या अभ्यासपत्रिकांत राहतात.

सभेतही जातीचा उल्लेख मावशींच्या त्या एका वाक्यापुरताच झाला, आणि तोही आईच्या गावावर, म्हणजे मागच्या पिढीवर ढकलून. या मौनाला केवळ संकोच म्हणून चालणार नाही. 1950 च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशात ख्रिस्ती धर्मीयांचा समावेश नाही. शीख 1956 मध्ये व बौद्ध 1990 मध्ये समाविष्ट झाले, ख्रिस्ती अद्याप बाहेर आहेत. जी ओळख कागदावर लिहिता येत नाही ती सभेतही जपून बोलली जाते. महाविद्यालयात प्रवेशअर्ज तपासणाऱ्या आपणा प्राध्यापकांना हे वेगळे सांगावयास नको.

पुढील संशोधनाची दिशा या दृष्टीने साधी आहे, पण सोपी नाही. मंडळ्यांकडे उपदेशांची टिपणे असतात, पंचकमिटीची इतिवृत्ते असतात, 'ज्ञानोदय'चे जुने अंक आहेत. स्त्रियांच्या या सभांचे लेखन जवळजवळ नाही. ध्वनिमुद्रण करावे तर बायका सावध होतात, न करावे तर अभ्यासकाच्या स्मरणावर भिस्त, आणि प्रस्तुत लेखातील उताऱ्यांची मर्यादाही तीच आहे. वरील संवाद सभेनंतर रिक्षाथांब्यावर उभे राहून टिपून घेतले होते.

महिला मंडळाची एक वही असते. लाल पुठ्ठ्याची, रेघांची. त्यात दर सभेची नोंद चिटणीसबाई करतात : तारीख, हजेरी, भजन क्रमांक, प्रार्थना कोणी केली, वर्गणी किती जमली. त्या दिवसाची नोंद त्यांच्या परवानगीने पाहिली. उपस्थिती आणि वर्गणीचे आकडे व्यवस्थित होते. त्याखाली लिहिले होते : योहान 4 वाचला, चर्चा झाली.